पोच देणार नाही म्हणाले! पीटर्सबर्गमध्ये बुटांचे पैसे परत मिळवताना

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून टाकते, शेवटी लिहिलं तर कुणी वाचत नाही. रशियात दुकानाला काहीही लेखी द्याल तेव्हा दोन प्रती न्या. तुमच्याजवळ राहणाऱ्या प्रतीवर तारीख, घेणाऱ्याची सही, आवक क्रमांक आणि शिक्का पडल्याशिवाय काउंटरवरून हलू नका. कायदा, कलमं, मुदती, दंड हे सगळं त्या पोचेनंतर सुरू होतं. मला ती पोच दुकानाने शेवटपर्यंत दिली नाही. आजही ते काउंटर आठवलं की डोकं तापतं.

मी तेव्हा पीटर्सबर्गला मेडिकलला होते. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये सेल लागला होता म्हणून हिवाळ्याचे बूट घेतले, आत लोकरीचं अस्तर असलेले. डोंबिवलीच्या मुलीला बूट म्हणजे शाळेचे काळे आणि पी.टी.चे पांढरे, एवढंच माहीत. त्यामुळे दुकानातल्या बाईने जे भारी म्हणून दाखवले तेच घेतले. खरा बर्फ पडायला लागला तसे घालायला काढले, आणि थोड्याच दिवसांत उजव्या बुटाचा सोल पुढून उघडला. मोजे ओले, बोटं बधिर, आणि समोर अख्खा हिवाळा.

दुकानात पहिलं उत्तर मिळालं, "१४ दिवस होऊन गेले." दुसरं मॅनेजरकडून, "गॅरंटी ३० दिवसांची होती, संपली." तिसरं, "रस्त्यावर मीठ टाकतात ना, त्याने झालंय, तुम्ही नीट वापरले नाहीत." तिन्ही उत्तरं इतक्या सराईतपणे आली की क्षणभर मलाच वाटलं, खरंच असेल. होस्टेलच्या दाराशी बसणाऱ्या आजींनी ती ओली पावलं पाहिली आणि चौकशी केली. ऐकून घेऊन म्हणाल्या, दुकानात जाऊन ओरडू नकोस, ग्राहकांच्या संस्थेत जा. त्यांच्या बहिणीच्या फ्रिजचं काम तिथेच झालं होतं.

संस्था म्हणजे एका जुन्या इमारतीच्या आतल्या चौकात, तळमजल्यावरची एक खोली. दोन टेबलं, एक किटली, आणि भिंतभर फायली. सगळं बघणाऱ्या बाई कारखान्यातून इंजिनीअर म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी माझी कहाणी अर्ध्यात थांबवली आणि त्या तिन्ही उत्तरांचा निकाल लावला. १४ दिवस हे चांगल्या, न वापरलेल्या, फक्त मापाला किंवा रंगाला न पटलेल्या वस्तूच्या बदलीसाठी असतात, रशियाच्या ग्राहक कायद्याचं कलम २५. सदोष वस्तूशी त्यांचा संबंध नाही. हिवाळी बुटांची गॅरंटी खरेदीच्या दिवसापासून धरतच नाहीत. हंगाम सुरू झाला की ती सुरू होते, आणि हंगामाची तारीख त्या-त्या प्रदेशाचं प्रशासन ठरवतं, कलम १९. म्हणजे सेलमध्ये सप्टेंबरात घेतलेल्या बुटांची गॅरंटी हिवाळ्यातच सुरू झाली होती. आणि मिठाचं म्हणाल, तर गॅरंटीच्या काळात दोष वापरणाऱ्याचा आहे हे दुकानाने सिद्ध करायचं असतं, मी नाही. हवं तर तपासणी करा म्हणावं, आणि त्या तपासणीला हजर राहण्याचा हक्क मला आहे.

मग प्रितेन्झिया लिहायची, म्हणजे दुकानाला द्यायचं मागणीपत्र. मी घरून दोन पानं लिहून नेली होती. बाईंनी पेन घेतलं आणि माझा अपमान, माझी सर्दी, परदेशी विद्यार्थ्यांशी कसं वागतात, हे सगळं खोडलं. काय घेतलं, कधी, कितीला, दोष काय, कलम १८ प्रमाणे पैसे परत हवेत, कलम २२ प्रमाणे १० दिवसांत, नाहीतर कलम २३ प्रमाणे दर दिवसाला किमतीच्या १ टक्का दंड. एवढंच उरलं, अर्ध्या पानात मावलं. कागद त्यांनी टाइप करून दिला नाही, मलाच रशियनमध्ये उतरवायला लावला. तेव्हा राग आला. नंतर कळलं की ती त्यांची पद्धतच आहे.

आणि आता तो काउंटर.

दोन प्रती घेऊन गेले. काउंटरवरच्या मुलीने एक घेतली, वाचली, आणि म्हणाली, ठेवून जा, फोन करू. मी म्हटलं, दुसरीवर पोच द्या. ती म्हणाली, शिक्का डायरेक्टरकडे असतो. डायरेक्टर कुठे? नाहीत. कधी येतील? सांगता येत नाही. पुढच्या खेपेला डायरेक्टर होते म्हणे, पण शिक्का कपाटात आणि किल्ली अकाउंटंटकडे. त्याच्या पुढच्या खेपेला, "आम्ही नुसते विक्रेते, कंपनीच्या ऑफिसला ईमेल करा." ईमेल कुठला? तो माहीत नाही. मी म्हटलं, शिक्का राहू द्या, सही करा, नाव लिहा, तारीख टाका. तर ती मुलगी हात मागे घेऊन उभी राहिली, जसं काही मी तिच्याकडे किडनी मागितली.

हे चालू असताना शेजारी एक गृहस्थ आले. त्यांना ऑफिसच्या हिशेबासाठी सहीशिक्क्याचं बिल हवं होतं. मुलीने काउंटरखाली हात घातला, शिक्का काढला, ठप्पकन मारला, परत ठेवला. माझ्यासमोर! मी त्या शिक्क्याकडे बघतेय, ती माझ्याकडे बघतेय. मी म्हटलं, हाच चालेल मला. ती म्हणाली, हा बिलांचा आहे.

मग मी तक्रारवही मागितली. ही सोव्हिएत काळापासूनची चीज, दुकानात असावीच लागते. भिंतीवर 'ग्राहक कोपरा' असतो, तिथे वही आणि कायद्याची पुस्तिका टांगलेली असते. वही मात्र लगेच मिळाली, अगदी हसतमुखाने. बाई नंतर म्हणाल्या की पूर्वी या वहीला दुकानदार घाबरायचे, कारण वरून कुणीतरी ती वाचायचं. आता वाचतं कोण? तरीही लिहा, तारखेनिशी, आणि पानाचा फोटो काढा. तुम्ही अमुक दिवशी तिथे होतात याचा तो पुरावा होतो. मी लिहिलं, आणि लिहिताना समोर टांगलेल्या पुस्तिकेत कलम १८ स्वच्छ दिसत होतं. कायदा हाताच्या अंतरावर लटकतोय आणि पोच मिळत नाही, यापेक्षा चीड आणणारी गोष्ट मी तरी पाहिलेली नाही.

असं झालं तर दोन मार्ग आहेत. एक, दोन साक्षीदार न्यायचे आणि 'दुकानाने स्वीकारायला नकार दिला' असं प्रतीवरच लिहून त्यांच्या सह्या, नाव, पत्ता घ्यायचा. वर्गातल्या मुली यायला तयार होत्या, पण बाईंनी पोस्टाला मत दिलं. साक्षीदारांना उद्या कोर्टात बोलावलं तर परीक्षा सोडून येतील का, हा त्यांचा साधा प्रश्न.

पोस्टाचं नीट ऐका. आपल्याकडे रजिस्टर एडी करायचो, तसं इथे पोचपावतीसह मूल्य जाहीर केलेलं पत्र पाठवायचं, पण मुख्य गोष्ट म्हणजे आतल्या कागदांची यादी. त्यासाठी १०७ नंबरचा फॉर्म असतो, तो दोन प्रतींत भरायचा. पाकीट उघडंच न्यायचं. माझ्यापुढचे आजोबा चिकटवून आले होते, त्यांना परत पाठवलं. यादी नसेल तर दुकान उद्या सांगू शकतं की पाकिटात कोरा कागद होता, आणि तसं सांगतातही. पत्र दुकानाच्या पत्त्यावर न पाठवता कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पाठवा. बिलावर कर क्रमांक छापलेला असतो, तो करखात्याच्या साइटवर टाकला की पत्ता फुकटात मिळतो.

खिडकीतल्या बाईंनी यादी पाहिली, मग प्रितेन्झिया उघडून ती यादीशी जुळतेय का ते तपासायच्या निमित्ताने सगळी वाचली. मागे रांग. वाचून झाल्यावर चष्म्यावरून माझ्या पायांकडे बघितलं. आणि मग दोन्ही याद्यांवर गोल, तारखेचा शिक्का. ठप्प. ठप्प. इतके दिवस ज्याच्यासाठी तडफडत होते तो शिक्का, आणि तोही सरकारी! मी बाहेर येऊन फुटपाथवर उभ्या उभ्या त्याचे फोटो काढले आणि घरी आईला पाठवले. तिला काहीच कळलं नाही.

पत्र घेतलंच नाही तर? हाही प्रश्न संस्थेतल्या बाईंना विचारला होता. तिथल्या दिवाणी संहितेत कलम १६५.१ आहे. ज्याच्या नावे पत्र आलं त्याने ते मुद्दाम सोडवलं नाही, तरी ते पोचलं असंच धरतात.

पत्र कंपनीने घेतलं. आणि १० दिवस संपायच्या आत तोच मॅनेजर फोनवर इतका गोड बोलला की मी नंबर पुन्हा तपासला. तपासणी करायचीय म्हणाला. मी म्हटलं, करा, मी हजर राहणार. थोड्या वेळाने परत फोन, तपासणीची गरज नाही, या आणि पैसे घ्या. पासपोर्ट दाखवला, अर्ज भरला. त्या अर्जात आडनाव, नाव आणि वडिलांवरून आलेलं नाव असे तीन रकाने असतात. बाकी परदेशी विद्यार्थी शेवटचा रकाना रिकामा सोडतात. आपण मराठी माणसं दिमाखात भरतो.

बाकी कोर्टात जायची वेळ आली असती तर तेही कठीण नव्हतं. लहान रकमेचं प्रकरण मिरोवोय सुद्या, म्हणजे खालच्या न्यायाधीशाकडे जातं, दावा आपण राहतो तिथल्या कोर्टात लावता येतो, आणि ग्राहकाला कोर्ट फी पडत नाही. रोसपोत्रेबनादझोर या सरकारी खात्याकडेही तक्रार करता येते, पण ते दुकानाला दंड करतात, तुमचे पैसे काढून देत नाहीत. अनेकजण तिथे अर्ज करून महिनोन् महिने वाट बघत बसतात.

काम झाल्यावर मी केक घेऊन गेले आणि मग जातच राहिले. भारतीय मुलांच्या तक्रारी रशियनमध्ये उतरवायला कुणीतरी हवंच होतं. त्या फायलींच्या भिंतीत संस्थेचा सगळा इतिहास होता. पेरेस्त्रोइकाच्या, म्हणजे गोर्बाचेव्हच्या सुधारणांच्या काळात, शहराचं नाव लेनिनग्राड होतं तेव्हा, इथे ग्राहकांचे क्लब निघाले. बाई त्यात आल्या त्या शेजाऱ्यांचा रंगीत टीव्ही पेटल्यावर. तेव्हाचे टीव्ही खरोखर पेट घ्यायचे. सोव्हिएत संघाने मे १९९१ मध्ये ग्राहक कायदा केला, लागू व्हायची तारीख १ जानेवारी १९९२. तोवर देशच उरला नाही. २ जानेवारीला रशियाने किमती मोकळ्या सोडल्या, त्या एका वर्षात त्या सुमारे २६ पट झाल्या, आणि ७ फेब्रुवारीला रशियाचा स्वतःचा ग्राहक कायदा आला. मी वापरला तो हाच, अर्थात बऱ्याच दुरुस्त्यांसह. मॉस्कोत अर्थतज्ज्ञ अलेक्सांद्र आउझान यांच्या नेतृत्वाखाली ग्राहक संस्थांचा महासंघ उभा राहिला, त्यांचं 'स्प्रोस' मासिक वस्तूंच्या चाचण्या छापायचं. आणि इथे या खोलीत १९९४ च्या फायली सगळ्यात जाड, कारण एमएमएम ही साखळी गुंतवणुकीची फसवी कंपनी बुडाली होती आणि रडणारी माणसं जिन्यापर्यंत उभी असायची. त्यांना काही मिळालं नाही. पण त्यातले काहीजण संस्थेत राहिले, असं बाई सांगायच्या. पुढच्या फायली मोबाइल, प्लॅस्टिकच्या खिडक्या, मग बँकांनी कर्जासोबत गळ्यात मारलेला विमा.

माझी आई मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात आहे. महिन्याचं वाणसामान एकत्र घ्यायचं, वाटून घ्यायचं. पंचायत १९७५ पासून अशीच वाढली, एकत्र खरेदीतून. इथली मंडळी तक्रारीच्या कागदातून वाढली. त्यामुळे इथे माणूस येतो तो भांडण घेऊनच येतो, आणि काम झालं की बहुतेक पुन्हा दिसत नाही. पैसा कुठून येतो, तर संस्थेने ग्राहकासाठी दावा जिंकला की कोर्ट विक्रेत्याला जो जादा दंड लावतं, त्यातला अर्धा संस्थेला. तरतूद चांगली, पण तिच्यामुळे केवळ दंडासाठी दावे लावणाऱ्या संस्थाही निघाल्या, आणि दुकानदारांना सगळ्यांनाच 'ग्राहक अतिरेकी' म्हणायची सोय झाली. खरी संस्था ओळखायची माझी खूण एकच. ती कागद तुमच्याकडून लिहून घेते. मेट्रोबाहेर 'मोफत कायदेशीर सल्ला' म्हणून पत्रकं वाटणाऱ्यांकडे गेलात, तर सल्ला मोफत आणि कागदांच्या गठ्ठ्याचे भरपूर पैसे.

हो, आणि बिल! हे राहूनच जात होतं. बिलाचा कागद उष्णतेवर छापलेला असतो, काही महिन्यांत कोरा होतो. घेतल्या दिवशीच फोटो काढा, त्यावरचा क्यूआर कोड करखात्याच्या अॅपमध्ये स्कॅन करून ठेवा. बिल हरवलं म्हणून दुकान तक्रार नाकारू शकत नाही, तेही कलम १८ मध्येच आहे. पण ते काउंटरवरच्या त्या मुलीला समजावत बसण्यापेक्षा फोटो दाखवणं सोपं.