बोटांना कन्नड येतं

मंगळवार, रात्री साडेदहा

दुपारी वळीव आला तो अजून हटलेला नाही. बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या गल्लीत संध्याकाळपासून तीनदा लाइट गेली, दुकानातला यूपीएस ओरडून ओरडून दमला. एरवी अशा रात्री मी वही उघडत नाही, जेवून सरळ झोपते. आज लिहिते आहे.

बैलहोंगलची मुलगी आणि अनगोळचा मुलगा, अशी एक लग्नपत्रिका कामाला आली आहे. एका अंगाला मराठी, दुसऱ्या अंगाला कन्नड. बेळगावात अशा पत्रिका काही नव्या नाहीत. मराठी बाजू मी लावते, कन्नड बाजू पलीकडच्या प्रेसमधला मुलगा लावून देतो. तो आज गावच्या जत्रेला गेला आणि फोनही उचलेना. पाच वाजता मुलीचे मामा प्रूफ बघायला येणार होते, तेही बैलहोंगलहून पावसात.

कन्नड मला वाचता येतं. शाळेत होतं, बाजारात बोलते, बसची पाटी वाचते. टाइप मात्र आयुष्यात केलं नव्हतं. म्हटलं, शोधून शोधून एकेक अक्षर मारू, तास लागला तर लागू दे. कॉम्प्युटरला कन्नड कीबोर्ड जोडला, कागद पुढ्यात ठेवला आणि वरची ओळ घेतली : मदुवेय ममतेय करेयोले. इकडच्या प्रत्येक कन्नड पत्रिकेच्या माथ्यावर ही ओळ असते, लग्नाचं मायेचं बोलावणं.

म साठी बोट जिथे जातं तिथे गेलं, आणि पडद्यावर कन्नड म आला. मग द, त्याला उकार, मग व. मी कीबोर्डकडे बघतसुद्धा नव्हते. अर्धी ओळ झाल्यावर हात थांबवले आणि चहा मागवला, कारण मला जरा भीतीच वाटली. माझ्या बोटांना कन्नड येत होतं आणि मलाच ठाऊक नव्हतं.

याचं कारण आमचे टायपिंगचे सर. क्लासमधली बाकीची पोरं जुन्या टाइपरायटरची रेमिंग्टन पद्धत शिकत होती, सरांनी मला हट्टाने इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या दुसऱ्या मांडणीला बसवलं. रेमिंग्टनमध्ये ‘कि’ मारायचा तर आधी वेलांटी आणि मग क, कारण कागदावर वेलांटी आधी दिसते. इनस्क्रिप्टमध्ये आधी क, मग वेलांटी, म्हणजे आपण बोलतो त्या क्रमाने. उजव्या हाताच्या मधल्या ओळीत प र क त च ट. सर ते ‘परकतचट’ असं एका दमात म्हणून घ्यायचे, आम्ही हसायचो. शिफ्ट दाबून क मारला की ख, त चा थ, च चा छ. बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, स्वर डाव्या हाताला, त्यामुळे दोन्ही हात आळीपाळीने चालतात, जात्यावर दोघी बसल्यासारखे.

ही मांडणी सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली आणली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली. एवढं मला परीक्षेपुरतं पाठ होतं. ती एका लिपीसाठी केलेलीच नव्हती, हे मात्र आज कळलं. ब्राह्मीतून आलेल्या सगळ्या लिप्यांची वर्णमाला एकाच साच्यातली आहे, हे कुणीतरी आधी नीट बघितलं आणि मग कळा लावल्या. क ची कळ ती क ची कळ, मग तिला डोक्यावर रेघ असो की कन्नडचं वळण. कॉम्प्युटरात प्रत्येक अक्षराला ठरलेलं घर देणाऱ्या युनिकोडमध्येही तसंच आहे. देवनागरीला १२८ घरं, कन्नडला १२८ घरं, आणि दोन्हीकडे क बाविसाव्या घरात राहतो. मागे कुणीतरी वर्णमालेपुरता का होईना, आमच्या दोन्ही भाषांचा शेजार गृहीत धरला होता. आमच्या गावात हे गृहीत धरणारे कमीच.

उद्या हे प्रेसमधल्या त्या मुलाला सांगितलं तर तो हसेल, मला माहीत आहे. कन्नडवाले बहुतेक ‘नुडी’ या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर बसतात, त्यांची कळांची मांडणी इंग्रजी उच्चारावर चालते आणि त्यांना ती सोपी पडते. पडू दे. माझा आजचा तास वाचला तो वाचला.

पण पाच वाजता फजिती झालीच. मामा आले, छत्री दाराशी टेकवली, चष्मा पुसला आणि पहिलीच ओळ मोठ्याने वाचली. मदुवेsss य ममतेsss य. कीर्तनकारासारखी ओढून. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “अक्का, एवढं लांब लग्न कुठं असतंय हो?”

कन्नडात एकार दोन, एक ऱ्हस्व, एक दीर्घ. वे, ते, रे, ले, त्या एका ओळीत चार ठिकाणी ऱ्हस्व. माझं बोट मराठीच्या सवयीने इंग्रजी एसवर गेलं होतं, आणि तिथे कन्नडात दीर्घ बसतो. ऱ्हस्वाला जागा दिली आहे डाव्या हाताच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, इंग्रजी झेडवर. मराठीत त्या कळीला मी कधी हात लावला नव्हता. (आणि इथे देवनागरीत तो फरक दाखवायचा कसा? मी वर लिहिलंय तेही वाचणारा लांबच वाचणार.) चारही अक्षरं मामांसमोर दुरुस्त केली. त्यांनी पुन्हा वाचलं, मान हलवली, चहा घेतला आणि पावसातच गेले.

सकाळचं लिहायचं राहिलं. गल्लीतली एक पोरगी पीयूसीनंतरच्या (पीयूसी म्हणजे इकडची अकरावी-बारावी) प्रवेशाचा अर्ज भरायला आली होती. कुठल्या साइटवर ते लिहीत नाही. सगळा अर्ज इंग्रजीत भरून झाला, शेवटच्या पानावर वडिलांना समजावं म्हणून तिने भाषा बदलली, आणि अर्ज कोरा. दोन पानं, फोटो, सही, सगळं गेलं. दुसऱ्यांदा भरताना जिल्ह्याच्या यादीत बेलगाम सापडेना. २०१४ मध्ये नाव बदललं हे यादीला कळलं होतं, म्हणून खाली बेलगावी म्हणून शोधलं, तर तेही नाही. शेवटी ‘व्ही’च्या जागी ‘डब्ल्यू’ घालून लिहिलेलं मिळालं. पोरगी माझ्याकडे बघून म्हणाली, “मावशी, माझंच काहीतरी चुकलं असणार.” राग आला तो याचा. फॉर्म करणाऱ्याची चूक आणि मान खाली घालायची हिने.

घरी आले तर आप्पा ओसरीवर पेन्शनचे पैसे मोजत बसले होते. अंधारातच. त्यांना उजेडाचा फारसा उपयोग उरलेला नाही, काचबिंदूने एक डोळा गेला, दुसरा अर्धवट आहे. पण वडगावात चाळीस वर्षं मागावर काढलेली बोटं आहेत, तुटलेला धागा न बघता सांधायची सवय. नोटेच्या कडेला तिरप्या उठावदार रेघा असतात, त्यावरून ते अंगठा फिरवतात. चार रेघा म्हणजे शंभर. चार रेघा आणि मधे दोन गोल म्हणजे दोनशे. पाच रेघा, पाचशे. मी आजवर हजारो नोटा हाताळल्या, पण त्यांनी सांगेपर्यंत या रेघा मला दिसल्या नव्हत्या. माझ्यासाठी त्या नव्हत्याच म्हणा.

आप्पा कौतुक करतात, पण उगाच नाही. “नोट नवी तवर ठीक,” म्हणाले. “बाजारात चार महिने फिरली की रेघा बसतात, मग काय हाताला लागतंय?” मग ते लांबी बघतात. आता शंभराची नोट १४२ मिलिमीटर आणि दोनशेची १४६. चार मिलिमीटरचा फरक म्हणजे तांदळाच्या दाण्याहून कमी. तो ओळखायला दुसरी नोट शेजारी लागतेच. रिझर्व्ह बँकेने २०२० च्या पहिल्या तारखेला ‘मणि’ नावाचं ॲप काढलं, फोन नोटेवर धरला की तो किंमत बोलून सांगतो. मी हौसेने घालून दिलं होतं. दोन दिवसांत आप्पांनी फोन परत केला. “नोट बघायला फोन, आणि फोन धरायला तू. मग तूच सांग की नोट कितीची.”

मी आज त्यांना नोटेची मागची बाजू वाचून दाखवली. पंधरा भाषांची ती उभी पट्टी. चौथी ओळ कन्नड, आठवी मराठी. “आपण इतके खाली?” म्हणाले. इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने आहे, के आधी, एम नंतर, असं सांगितल्यावर समाधान झालं. मग त्यांनी मला कन्नड ओळ वाचायला लावली, स्वतःही मागून म्हटली : नूरु रूपायिगळु, शंभर रुपये. मागावर कन्नड शेठकडून पगार घेताना हे रोज ऐकलेलं, म्हणाले.

जेवताना त्यांना पत्रिकेची गंमत सांगितली. ते हात धुऊन आले आणि म्हणाले, “तुझ्या त्या मशीनवर न बघता जागा कशी सापडते?” मी लॅपटॉप आणला. त्यांचा अंगठा, सॉरी, तर्जनी धरून दोन कळांवर ठेवली. इंग्रजी एफ आणि जे, दोन्हींवर एकेक बारीक उंचवटा असतो. आमच्या मराठीत एकावर वेलांटी, दुसऱ्यावर र. तिथे दोन्ही हात टेकले की बाकीचं घर आपोआप सापडतं. आप्पांनी कितीतरी वेळ बोट त्या दोन रेघांवरून फिरवलं. “ही नोटेसारखी झिजत नाही का?” झिजते, म्हटलं, माझ्या दुकानातल्या जे वरची कधीच गेली. तरी हात तिथेच जातो.

उद्या सकाळी पत्रिका छापायला जाणार. पण त्या आधी दुकानात जाऊन पहिलं काम : पर्समध्ये लेकीचं लाल नेलपॉलिश टाकून ठेवलंय. डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यातल्या त्या झेडवर एक जाडसा ठिपका द्यायचा. दोन थर. बोटाला लागला पाहिजे.