पाचव्या महिन्यातलं रूट कॅनल

गरोदर बाईने दाताला हात लावायचा नाही, बाळंतपण झालं की बघू, असं आपल्याकडे घरोघरी सांगतात. मी चौथ्या महिन्यात हिरड्यांची सफाई आणि पाचव्यात खालच्या दाढेचं रूट कॅनल करून घेतलं. ते कसं होतं, काय विचारावं, काय टाळावं, ते सगळं इथे लिहिते आहे. दाढ ठणकायला लागली की जेवण आणि झोप दोन्ही जातं, आणि या नऊ महिन्यांत बाईला त्या दोन्हींची गरज सगळ्यात जास्त असते.

सुरुवात बहुतेकींची हिरड्यांतून रक्त येण्याने होते. बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं, ही समजूत खरी नाही. बाळाला कॅल्शियम मिळतं ते आपल्या जेवणातून आणि गोळ्यांतून, कमी पडलं तर आपल्या हाडांतून. दातांतून ते निघत नाही. खरं कारण हार्मोन्सचं आहे. प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन वाढले की हिरड्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, आणि एरवी दातांवर साठलेल्या जेवढ्या कीटणाने (चिकट थराने) काही जाणवलं नसतं तेवढ्यानेच हिरडी लाल होऊन सुजते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हे सुरू होतं आणि आठव्यापर्यंत वाढू शकतं. रक्त दिसलं म्हणून ब्रश बंद केला की थर आणखी साठतो आणि रक्तही वाढतं. तेव्हा ब्रश चालूच ठेवायचा, फक्त मऊ घ्यायचा. हिरडीच्या कडेवर तो 45 अंशात तिरका टेकवायचा, निम्मे केस दातावर, निम्मे हिरडीच्या काठावर. जागच्या जागी हलका थरथरवायचा आणि मग दाताच्या टोकाकडे ओढायचा. आडवा घासायचा नाही. पेस्ट फ्लोराइडवाली, वाटाण्याएवढी. वेळ 2 मिनिटं, दिवसातून 2 वेळा, त्यातला रात्रीचा ब्रश चुकवायचा नाही.

उमासे येत असतील तर लहान मुलांचा ब्रश आणावा. त्याचं डोकं लहान असतं, त्यामुळे मागच्या दाढेपर्यंत जाताना घशाला लागत नाही. मान पुढे झुकवून घासलं तरी फरक पडतो. सकाळी जमतच नसेल तर दुपारी मळमळ ओसरल्यावर घासा, वेळेचा हट्ट नको.

उलटी झाल्यावर मात्र लगेच ब्रश करायचा नाही. पोटातल्या आम्लाने दातावरचं इनॅमल मऊ पडलेलं असतं आणि त्यावर ब्रश फिरवला की ते झिजतं. मी पेलाभर पाण्यात 1 चहाचा चमचा खाण्याचा सोडा विरघळवून मोरीजवळच ठेवत असे. उलटीनंतर त्याने खळखळून चूळ भरायची आणि थुंकून टाकायची, गिळायची नाही. ब्रश अर्ध्या-पाऊण तासाने. चिंच, कैरी, आवळा खायचे डोहाळे लागले तर खुशाल खावं, पण एका बैठकीत खाऊन साध्या पाण्याने चूळ भरावी. दिवसभर गालात धरून चघळत राहिलं तर दातांना उसंतच मिळत नाही.

आता डॉक्टरांकडे जायचं. सगळ्यात सोयीचा काळ म्हणजे साधारण 14 ते 28 आठवडे. त्याआधी मळमळीने तोंड उघडवत नाही, त्यानंतर पोटामुळे खुर्चीत पडवत नाही. पण गालावर सूज, पू, ताप असेल तर महिना मोजत बसू नये, कुठल्याही महिन्यात त्याच दिवशी जावं. जाताना फाइल न्यावी, आणि कितवा आठवडा, लोहाशिवाय कोणत्या गोळ्या चालू आहेत, रक्तदाब, साखर, थायरॉइड, कशाची ॲलर्जी, हे आपणहून सांगावं. गायनॅककडून दोन ओळींची चिठ्ठी घेतली तर काम अडत नाही. मला एका दवाखान्यात ‘डिलिव्हरीनंतर या’ एवढंच सांगून परत पाठवलं होतं. असं झालं तर दुसरीकडे दाखवावं. जिल्हा रुग्णालयात दंतविभाग असतो, आणि मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तपासणीला जात असाल तर हिरड्यांचं तिथेही बोलून दाखवा. आपण सांगितल्याशिवाय तोंडाची गोष्ट निघेलच असं नाही.

खुर्चीत उताणं सपाट पडायचं नाही, हे पाचव्या महिन्यानंतर फार महत्त्वाचं आहे. वाढलेल्या गर्भाशयाचा भार पाठीच्या कण्याजवळच्या मोठ्या शिरेवर पडतो, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, आणि घाम फुटून डोळ्यांपुढे अंधारी येते. यावरचा उपाय अगदी साधा. उजव्या कुल्ल्याखाली उशी किंवा टॉवेलची घडी घालून शरीर थोडं डावीकडे कलतं ठेवायचं. गरगरायला लागलं तर हात वर करून थांबवायचं आणि पूर्ण डाव्या कुशीवर वळायचं. ही उशी आधीच मागून घ्यावी. मधूनमधून उठून लघवीला जाता यावं हेही सांगून ठेवावं, संकोच करू नये.

एक्स-रेची भीती सगळ्यांत जास्त असते. दाढेच्या एका डिजिटल एक्स-रेत काही मायक्रोसीव्हर्ट (किरणांचं अगदी लहान माप) एवढेच किरण असतात, निसर्गातून आपल्याला रोज साधारण तेवढे मिळतातच. शिवाय झोत गालावर असतो, पोटावर नाही. शिशाचं ॲप्रन मागितलं तर मिळतं. भुलीला 2 टक्के लिग्नोकेन चालतं. त्यात मिसळलेलं ॲड्रेनलिन भुलीचं औषध हिरडीतच धरून ठेवतं, रक्तात कमी जाऊ देतं. रक्तदाब वाढलेला असेल तर ते सुईच्या आधी आठवणीने सांगायचं. भूल न घेता कळ सोसण्यात काही शहाणपण नाही, दुखण्याने आणि ताणाने होणारा त्रासच मोठा.

रूट कॅनलमध्ये कीड काढतात, दाढेतली सडलेली नस काढतात, कानशीसारख्या बारीक फाइलींनी मुळांतल्या नळ्या साफ करून औषध भरतात आणि वर तात्पुरतं सिमेंट लावतात. पुढच्या बैठकीत नळ्या कायमच्या बंद होतात. खालच्या जबड्याचा बधिरपणा 2-3 तास राहतो, तोवर जेवू नये, नकळत गाल चावला जातो. म्हणून पोटभर खाऊनच जावं. कॅप बाळंतपणानंतर बसवायची ठरली तर तोवर त्या बाजूने चकली, कडक लाडू, हाड चावायचं नाही. नस काढलेली दाढ उभी चिरली तर ती बहुतेक वेळा वाचत नाही.

मेडिकलमधून ‘दातदुखीची गोळी’ मागून आणणं हे सगळ्यात धोक्याचं. तशा गोळ्यांत बहुधा पॅरासिटामॉलबरोबर आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा ॲसिक्लोफिनॅक मिसळलेलं असतं. 20 आठवड्यांनंतर ही औषधं बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम करून बाळाभोवतीचं पाणी कमी करू शकतात. पाकिटामागचे घटक वाचावेत. नुसतं पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅम, तेही डॉक्टरांना विचारून आणि निदान 6 तासांच्या अंतराने. जंतुसंसर्गाला ॲमॉक्सिसिलिन देतात. डॉक्सिसायक्लिन आणि टेट्रासायक्लिन नको, त्याने बाळाच्या दातांवर कायमचे डाग पडतात.

हिरड्यांचा आजार असलेल्या बायकांमध्ये दिवसांआधी बाळंतपण जास्त दिसतं, हे खरं आहे. पण सफाई केली की तो धोका टळतो, असं कोणी सांगितलं तर ते पूर्ण बरोबर नाही. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या 823 गरोदर बायकांच्या अभ्यासात सफाईने अकाली बाळंतपणाचं प्रमाण कमी झालं नाही. हिरड्या मात्र सुधारल्या, आणि उपचाराने बाळाला अपाय झाल्याचं दिसलं नाही. मला तेवढं पुरेसं वाटलं. तोंडाच्या दुखण्याने जगणं किती अडतं हे मोजायची 14 प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. तिच्यात जेवण मधेच सोडावं लागतं का, चव गेली आहे का, चिडचिड होते का, असं विचारतात. गरोदर बाईच्या दाढेकडे त्या नजरेने बघायला हवं.

मशेरीबद्दल स्पष्ट लिहिते. ‘मशेरीने कळ थांबते’ म्हणून पोटुशी बाईला ती लावायला देतात. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. निकोटीन हिरडीतून सरळ रक्तात जातं, बाळाचं वजन कमी भरतं, आणि खाली कीड वाढत राहते.

बाळंतपणानंतर हिरड्यांची सूज हळूहळू ओसरते, पण कीटण आपोआप जात नाही, म्हणून तीन-चार महिन्यांत पुन्हा दाखवावं. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू जेवणाबरोबर खावेत. रात्री पाजायला उठल्यावर खाल्ले तर गूळ सकाळपर्यंत दाढांत बसून राहतो. आणि आपल्या तोंडात घातलेला चमचा बाळाच्या तोंडात घालू नये, कीड लावणारे जंतू तसेच जातात.