दोन वर्षे ‘स्थिर’ असलेला डोळा

इंदूरमध्ये काचबिंदूला ‘काला मोतिया’ म्हणतात आणि त्या नावामुळे मोतीबिंदूसारखा हाही पिकला की काढता येतो, असा समज अनेक घरांत रुजला आहे. काचबिंदूसाठी माझ्याकडे येणाऱ्या रामबागेतल्या एका निवृत्त शिक्षकांचा असा गैरसमज नव्हता. त्यांची तक्रार वेगळीच होती. जिना उतरताना शेवटची पायरी दिसत नाही, असे ते म्हणत होते, तर “हे खाली बघतच नाहीत,” असे काकूंचे म्हणणे होते.

कागदपत्रे काकूंच्याच बाजूची होती. उजव्या डोळ्याने ते तक्त्यावरची शेवटची ओळ वाचत होते, डोळ्यातला दाब 16 होता आणि ओसीटीवर, म्हणजे प्रकाशाने डोळ्यातले थर मोजणाऱ्या तपासणीत, काचबिंदूत मरणाऱ्या चेतातंतूंच्या थराची जाडी दोन वर्षांत 54 मायक्रॉनवरून जेमतेम 53 झाली होती. मी तीनदा ‘स्थिर’ असे लिहिले होते, आणि चूक तिथेच झाली होती. हा थर पन्नाशीच्या आसपास आला की पुढे फारसा बारीक होत नाही, कारण तंतू मेले तरी आधारपेशी आणि रक्तवाहिन्या जाडी टिकवून ठेवतात. तिथे मोजपट्टीच संपलेली असते.

म्हणून मी ओसीटी अँजिओग्राफी केली. तिला शिरेतून रंग टोचावा लागत नाही. यंत्र एकाच जागेची चित्रे लागोपाठ घेते आणि त्यांत जो फरक दिसतो, तो वाहत्या रक्तपेशींचा मानून केशवाहिन्यांचा नकाशा काढते. साहजिकच डोळा हलला की नकाशा बिघडतो. पहिली दोन चित्रे फुकट गेली, तिसरे कृत्रिम अश्रूंचा थेंब घातल्यावर जमले. दृष्टीची नस डोळ्यात जिथे सुरू होते, त्या मुखापासून वरच्या बाजूने निघालेली, रक्तप्रवाह न दिसणारी एक काळी पाचर दृष्टीच्या मध्याजवळ येऊन ठेपली होती.

डोळ्यातल्या पडद्याचा वरचा भाग खालचे पाहतो. आमच्या नेहमीच्या दृष्टिक्षेत्र चाचणीत ठिपके 6 अंशांच्या अंतराने असतात, त्यामुळे मध्याखालचा चट्टा त्यांच्यामधून निसटला होता. 2 अंशांच्या अंतराने तपासताच तो सापडला.

“वाहिन्या मिटल्या म्हणून नस मेली, की नस मेली म्हणून वाहिन्या मिटल्या?” सरांनी विचारले. ते या चित्रावरून सांगता येत नाही, आणि गेलेले परतही येत नाही, हे मी स्पष्ट सांगितले. दाब 12 पर्यंत उतरवण्यासाठी दुसरे थेंब वाढवले आणि तेवढ्याने भागले नाही तर शस्त्रक्रिया करावी लागेल, असेही सांगून ठेवले.

निघताना सरांनी चित्राची प्रत मागून घेतली आणि काहीही न बोलता ती काकूंच्या हाती दिली.