चौथ्याचं नाव, तिसऱ्याचा चेहरा

माझं पहिलं स्पॅनिश नाणं खोटं निघालं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तर 22 ग्रॅम! रेआल म्हणजे स्पेनचं जुनं चांदीचं चलन; आठ रेआलचं अस्सल नाणं 27 ग्रॅमच्या आसपास भरतं. कडेला साच्याची बारीक रेघ होती, तीही मला घरी आल्यावर दिसली. हौसेला मोल नसतं म्हणतात. माझ्या हौसेला चांगलंच पडलं.

दुसरं मात्र खणखणीत. मेक्सिकोच्या टाकसाळीतलं, 1790चं. तेव्हा मेक्सिकोवर स्पेनचं राज्य. कडेवर एक वर्तुळ, एक आयत अशी नक्षी पार गोल फिरत गेलेली. गंमत अशी की नाव स्पेनच्या राजाचं, चौथ्या कार्लोसचं, आणि चेहरा तिसऱ्याचा. थोरले राजे 1788च्या डिसेंबरात वारले, पण नव्या राजाच्या चेहऱ्याचे ठसे समुद्रापलीकडे पोचेपर्यंत टाकसाळ काय बंद ठेवायची? बापाच्या मुखड्याखाली मुलाचा कारभार सुरू. मागच्या बाजूला लॅटिनमध्ये ‘स्पेन आणि इंडीजचा राजा’. ते इंडीज म्हणजे अमेरिका. कोलंबसाची चूक तीनशे वर्षांनीही चांदीवर उठत होती!

राजाच्या गालावर चार-पाच खोल ठसे आहेत. हे नाणं चीनला जाऊन आलंय. तिथले व्यापारी, सराफ चांदी पारखून आपापला शिक्का ठोकायचे. संग्राहक अशा नाण्यांना नाकं मुरडतात. त्यांना बंदा रुपया हवा. मला हेच आवडतं. संशय घेणारे चुकत नव्हतेच म्हणा. 1786 मध्ये स्पेनच्या दरबारानं गुपचूप चांदीचा कस उतरवला होता. राजावर विश्वास नाही, चांदीवर आहे, हे त्याच्याच तोंडावर ठोकून सांगायचं!

आपल्याकडे त्याआधीच्या शतकात इंग्रज-डच कंपन्यांनी सुरतेला पेट्याच्या पेट्या रेआल उतरवले. पण मुघल मुलखात परकं नाणं चालायचं नाही. थेट टाकसाळीत, मुशीत, आणि बाहेर येताना रुपया. त्यातली किती चांदी मग पैंजणांत, करंड्यांत गेली असेल कोण जाणे.

हे सगळं आईला रंगवून सांगत होतो. तिनं नाणं तळहातावर दोनदा झेललं.

“सव्वादोन तोळे तरी असेल,” ती म्हणाली. “सुनबाईची जोडवी होतील की रे.”