तुम्ही विचारलंत म्हणून: गुरांच्या वाटेनं सायकल कशाला?

परवा जिन्यात तुम्ही विचारलंत. तुमच्या हातात दुधाची पिशवी होती, माझ्या खांद्यावर मुरमानं माखलेली सायकल. "बायपास एवढा चकाचक झालाय, आणि तुम्ही त्या गुरांच्या वाटेनं कशाला तडफडायला जाता? काय मजा येते हो त्यात?" मी नेहमीसारखा हसलो, "या एकदा" म्हणालो आणि सटकलो. हाच प्रश्न सासऱ्यांनी विचारलाय, ऑफिसातल्या शिपायानं विचारलाय. टायरमधले बाभळीचे सात काटे पकडीनं एकेक उपटताना पंक्चरवाल्यानं तर "सर, कामून करता असं?" इतक्या कळवळ्यानं विचारलं होतं, की मीच ओशाळलो. आता एकदाचं नीट सांगतो.

लोकांना वाटतं वेगाची नशा असेल. तसं काही नाही. डोंगरातल्या वाटांवर माझी सरासरी ताशी 9-10 किलोमीटरच्या वर जात नाही. बायपासला मी 25 नं चाललेला असतो आणि शेजारून ट्रक गेला की आपण जागेवरच उभे आहोत असं वाटतं. पायवाटेवर मात्र 15 चा वेग असला तरी कुसळी गवत दोन्ही पोटऱ्यांवर फटके मारतं, तरवडाची फांदी हँडलला घासून जाते, आणि वाटतं की उडतोय. वाट वीतभर, हँडल पावणेदोन हात. मोठ्या रस्त्यावर कुठून जायचं हा प्रश्नच नसतो, म्हणून डोकं ऑफिसात जाऊन बसतं. इथं कुठून जायचं ते वाटेनं आधीच ठरवलेलं असतं, पण कसं जायचं ते दर दोन क्षणांनी आपल्याला ठरवावं लागतं. घराचा हप्ता आणि मुलीची दहावी तेवढा वेळ बाहेर थांबतात.

पण नुसत्या अरुंदपणात मजा नाही. तसं असतं तर आमच्या गावाकडची पांदण सगळ्यात भारी ठरली असती. दोन्हीकडं बोराटीचं कुंपण, मध्ये बैलगाडीच्या चाकोऱ्या, पाऊस पडला की गुडघाभर चिखल. तिथं सायकल ढकलायलाही जीव नको होतो. वाटेची मजा असते ती तिच्या आखणीत. आता मी मृदसंधारणाच्या कामावरचा माणूस, त्यामुळं थोडं चऱ्हाट लांबेल, सहन करा.

आम्ही डोंगरउतारावर सलग समतल चर काढतो. दोन फूट रुंद, फूट-दीड फूट खोल. उताराला आडवी, एकाच पातळीतली रेघ ए-फ्रेमनं, म्हणजे ओळंबा लावलेल्या इंग्रजी A च्या आकाराच्या चौकटीनं, आखत जायची. पहिल्या वर्षी उन्हात अशी रेघ आखत असताना पाहिलं, तर खालून गुरं चालली होती आणि त्यांची वाट जवळपास आमच्या रेघेला धरूनच. तिथल्या गुराख्याला म्हटलं, मामा, तुमच्या गाईंना ए-फ्रेम कुणी दिली? तो म्हणाला, "बकरी सरळ चढती, गाय आडवी चालती. गाईला दम लागतो ना साहेब." माझा निम्मा निबंध या एका वाक्यात आला.

एक फरक मात्र आहे. चरात पाणी थांबायला हवं, वाटेवरून पाणी निघून जायला हवं. वाट डोंगराच्या उताराला धरूनच खाली उतरली की पावसाचं पाणी तिच्यावर चढतं आणि उतरायचं नाव घेत नाही. दोन पावसाळ्यांत वाटेचा ओहोळ होतो, माती जाते, गोटे उरतात. म्हणून डोंगरात सायकलीच्या वाटा बांधणारे परदेशातले लोक एक साधा हिशेब पाळतात: वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको. डोंगर 20 टक्क्यांनी उतरत असेल तर वाट 10 च्या आत. शिवाय वाट दरीच्या अंगाला किंचित कललेली हवी, आणि मधूनमधून, उतरता उतरताच, चार पावलं वर चढायला हवी. त्या चार पावलांच्या चढाला पाणी अडखळतं आणि कडेनं उतरून जातं.

यातली गंमत मला फार उशिरा कळली. जो चढ पाण्याला वाटेवरून उतरवतो, तोच सायकलस्वाराचा जादा वेगही काढून घेतो. पाण्यासाठी नीट आखलेल्या वाटेवर ब्रेक फारसे लागत नाहीत. वळण यायच्या आधी वाट थोडी वर उचलते, सायकल आपोआप मंदावते, वळलं की पुन्हा सोडते. झोका वर जाऊन क्षणभर थांबतो ना, तसं. ही लय सापडली की वाट चांगली. बाकी उंची, लांबी, मागं दिसणारा बीबी का मकबरा, हे सगळं फोटोपुरतं.

या खेळाचा, म्हणजे माउंटन बायकिंगचा, इतिहास सांगताना कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीमधल्या 'रीपॅक' शर्यतीचं नाव निघतंच. पहिली शर्यत 21 ऑक्टोबर 1976 ला झाली. पोरं जुन्या जाडजूड सायकली घेऊन डोंगरावरून खाली सुटायची. पॅडल उलटं दाबलं की लागणारा मागचा ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं. खाली पोचल्यावर चाकाच्या मधला हब उघडून नवं ग्रीस भरावं लागे, म्हणून नाव रीपॅक. मोठी माणसं, मान्य. पण तो रस्ता रुंद होता आणि उतार खडा. मला तसल्या उतारात मजा वाटत नाही, नुसती मनगटं दुखतात.

आता माझी आवडती वाट. आपल्या संभाजीनगरजवळच्या (पूर्वीच्या औरंगाबादजवळच्या) सातारा डोंगराच्या मागच्या अंगाला आहे, नेमकी कुठून सुरू होते ते इथं लिहिणार नाही. जिन्यात भेटा, सांगतो. सुरुवातीला सीताफळीच्या झुडपांतून वाट नागमोडी जाते, पुढचं फक्त दहा-बारा हात दिसतं. ते बरंच असतं, तेवढ्यानंच वेग आवरतो. मग एक पळस येतो. त्याच्या मुळ्या वाटेवर आडव्या आल्यात, तिथं पॅडलवर उभं राहायचं, गुडघे सैल सोडायचे आणि सायकलला आपल्या खाली हवी तशी नाचू द्यायची. पळस ओलांडला की झाडी संपते, डाव्या हाताला दरी उघडते, आणि त्याच क्षणी उजवीकडं वळण. नजर दरीकडं गेली की सायकल दरीकडं जाते. जिकडं बघाल तिकडंच चाक जातं, हा नियम मी एकदा बाभळीकडं बघून शिकलो, कोपरावर खूण आहे. वळणाच्या तोंडाशी नाही, वळणाच्या शेवटाकडं बघायचं. तिथं एक चपटा काळा दगड आहे. तो दिसला की बाकीचं चाक बघून घेतं.

ही वाट दिवाळीच्या आसपास सगळ्यात गोड असते. मुरूम दमट असतो, टायर धरून ठेवतो. पावसाळ्यात मुरमाच्या वाटेवर पाऊस थांबला की काही तासांत जाता येतं, पण खाली काळी माती लागली की खेळ खलास. माती चाकावर थर चढवत जाते, चाक धरणाऱ्या फोर्कमध्ये गच्च बसते आणि चाक फिरायचं थांबतं. शिवाय ओल्या मातीत उमटलेली आपली चाकोरी उन्हाळ्यात दगडासारखी घट्ट होते आणि गुराख्यांच्या पायाला टोचत राहते, म्हणून तेव्हा जाऊच नये. एप्रिलमध्ये वरचा मुरूम सुटा होतो, फरशीवर ज्वारी सांडल्यासारखा. तेव्हा टायरमधली हवा थोडी कमी ठेवतो, आणि नऊच्या आत घरी.

अशीच आणखी एक वाट होती, पलीकडच्या टेकडीवर. देवीच्या दर्शनाला गाड्या वरपर्यंत जाव्यात म्हणून एका हिवाळ्यात जेसीबी लावून ती सरळ माथ्यापर्यंत रुंद केली. बायाबापड्यांची सोय झाली, त्याबद्दल बोलत नाही. पण वळणं गेली, ती चार पावलांची चढणं गेली, आणि दुसऱ्या पावसाळ्यात मधोमध कमरेएवढी घळ पडली. आता गाडीही जात नाही आणि गायही नाही. गुरांनी शेजारून नवी वाट पाडायला घेतलीय, आडवी. अजून पुसट आहे, मी लक्ष ठेवून आहे.

राहता राहिली अवघडपणाची गोष्ट. सगळंच जमत असेल तर त्या वाटेला चार खेपांत माणूस कंटाळतो. माझ्या वाटेवर शेवटाला एक ओढा आहे, पलीकडं चढायला तीन पायऱ्यांसारखे खडक. पहिले दोन चढतो. तिसऱ्याला पुढचं चाक उचलायला अर्धा क्षण उशीर होतो आणि पाय टेकतो. तीन वर्षं टेकतोय. तिथला गुराखी आता मी ओढ्याशी पोचलो की विडी पेटवायची थांबवून बघत बसतो, आणि पाय टेकला की "आज बी नाही" म्हणून काडी ओढतो.

येत्या रविवारी साडेपाचला निघतोय. मुलीची जुनी सायकल आहे, सीट वर करून देतो. तेवढी घंटी लावून घ्या, शेळ्या "बाजूला व्हा" म्हटलेलं ऐकत नाहीत.