६०० किलोमीटर, ४० तास आणि घराजवळचा लॉज

बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल स्वारी. ६०० किलोमीटरची बीआरएम ४० तासांत पुरी करायची असते. भागाकार केला की ताशी १५ किलोमीटर. बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या मशीन शॉपमध्ये हा आकडा सांगितला, तर एकानं लगेच ऐकवलं, "एवढ्यानं तर आमचा दूधवाला पण जातोय की!" जातो, खरं आहे. पण दूधवाला रात्री घरी झोपतो. आमच्या ४० तासांत जेवण, चहा, संडास, पंक्चर, झोप सगळं धरलेलं असतं.

बीआरएममध्ये पहिला-दुसरा नंबर नसतो. नियम पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबचे. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. चारही एकाच हंगामात झाल्या की 'सुपर रँडोनिअर' म्हणवून घेता येतं. मला ते म्हणवून घ्यायचं होतं, उगाच नम्रता कशाला? पहिल्या तीन पदरात पडल्या होत्या, ६०० तेवढी उरली होती.

तयारीला लागलो तेव्हा बहुतेकांनी वेग वाढव म्हणून सांगितलं. मी वही घेऊन बसलो. चालत्या सायकलचा सरासरी वेग २२ धरला, तर ६०० किलोमीटरला लागतात २७ तास १६ मिनिटं. म्हणजे १२ तास ४४ मिनिटं शिल्लक. वेग २२ वरून २४ वर न्यायला महिनोन्महिने घाम गाळायचा, आणि मिळणार काय, तर २ तास १६ मिनिटं. एवढा वेळ तर आपण टपऱ्यांवर सहज उडवतो. धारवाडच्या सरावात प्रत्येक थांबा लिहून काढला. चहा पाच मिनिटांचा, पण हेल्मेट काढणं, हात धुणं, मोबाईल बघणं, पुन्हा हातमोजे चढवणं धरून पंचवीस. तिथंच ठरलं, पाय आहेत तेवढेच राहू देत, थांबे कापायचे.

म्हणून सरावात थांब्यांचाही सराव केला. बाटल्या भरणं, खाणं खिशात टाकणं, लघवी आणि निघणं, सगळं दहा मिनिटांत. बसायचं नाही. खुर्ची दिसली की माणूस बसतो आणि बसला की डोसा मागवतो.

पायांसाठी राजहंसगड पुरेसा. येळ्ळूरकडून चढ सुरू झाला की शेवटच्या टप्प्यात सगळ्यात हलका गिअरही जड वाटतो. शनिवारी जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला, रविवारी थकल्या पायांनी सौंदत्तीकडे. ओळीनं दोन दिवस चालवणं महत्त्वाचं, कारण ६०० चा दुसरा दिवस असाच असतो. चोर्ल्याला चढ आणि सावली, सौंदत्तीकडे सपाट काळी रानं आणि तोंडावर वारा. मला विचाराल तर वारा जास्त वाईट, घाटाला निदान माथा असतो. बाकी वेळ, सलग बोलता येईल एवढ्याच जोरानं चालवायचं. धाप लागली की जोर कमी.

रात्रीचा सराव सेकंड शिफ्ट सुटल्यावर. आपल्याकडे कारखान्यांचा गळीत हंगाम चालू असताना रात्री सायकल चालवायची, तर ट्रकपेक्षा उसाच्या ट्रॅक्टरला भ्यायचं. दोन-दोन ट्रॉल्या, मागं लाल दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही, आणि गाणी इतक्या जोरात की ड्रायव्हरला आपली हाक जाणार नाही. रस्त्यावर सांडलेलं उसाचं कांडं चाकाखाली आलं की सायकल आडवी. पुढचा-मागचा दिवा आणि चमकणारं जॅकेट नियमानं लागतंच. मी मागं दोन दिवे लावतो, दोन्ही स्थिर, उघडझाप करणारे नाहीत.

खाण्याबद्दल लोक फार महागडं बोलतात. सायकल चालवताना ताशी साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं पोटाला झेपतात. ग्लुकोजबरोबर फ्रुक्टोज असेल तर त्याहून जास्त, कारण दोन्हींचे शोषणाचे मार्ग वेगळे. शेदोनशेच्या एनर्जी जेलच्या पाकिटावर हेच छापलेलं असतं. गुळात मुख्य साखर सुक्रोज, म्हणजे निम्मं ग्लुकोज आणि निम्मं फ्रुक्टोज! खिशात गूळ-शेंगदाण्याची चिक्की, केळी, गोडाचा वीट आला की भडंग, आणि उन्हात एक लिटर पाण्याला ओआरएसचं एक पाकीट. नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. कुंदा मात्र सरावातच बाद केला. बेळगावकर म्हणून जीव तुटला, पण खव्याचा तो गोळा पोटात तासन् तास बसून राहतो.

आता झोप. मार्ग असा होता: बेळगावहून हावेरीला जाऊन परत, मग कोल्हापूरच्या पुढं किणी टोलनाक्यापर्यंत जाऊन परत. म्हणजे साधारण साडेतीनशे किलोमीटर झाल्यावर मध्यरात्री मी आपल्याच गावात येणार. मी तिथल्या कंट्रोलजवळच्या, म्हणजे वाटेत हजेरी लावायच्या ठिकाणाजवळच्या, लॉजवर खोली सांगून ठेवली. बायको बघतच राहिली.

"अहो, टिळकवाडीत घर असताना लॉजवर? लोक काय म्हणतील?"

नियम तिला समजावला. वाटेत घरच्यांची मदत चालत नाही, घ्यायचीच तर कंट्रोलवर. खरं कारण वेगळं होतं. आपल्या गादीवर आडवा झालो असतो तर उठलो नसतो, आणि उठलो तरी तिनं जाऊ दिलं नसतं.

हावेरीच्या बाजूला एका कंट्रोलवर माणूस नव्हता, तिथं एटीएमची पावती हाच पुरावा. तो कागद घामानं भिजतो, उन्हात अक्षरं उडतात. म्हणून झिपच्या पिशवीत घातला, वर मोबाईलवर फोटो काढला.

लॉजवर एकच्या सुमाराला पोचलो. बूट काढले, फोन-पॉवर बँक चार्जिंगला लावली, दोन गजर आणि वर काउंटरवरच्या पोराला दार वाजवायला सांगितलं. तीन तास झोप ठरलेली. पहाटे दोन ते चार शरीर सगळ्यात ढिलं असतं, तेवढी वेळ गादीवर काढली की पुढची पहाट सोपी जाते. साडेचारला मी वंटमुरी घाटाच्या वाटेला लागलो, अंगात विंडचीटर, छातीवर वर्तमानपत्र.

किणीपर्यंत उतारच जास्त, हिशोब परतीला चुकता होतो. निपाणी सोडली की तवंदीचा घाट, आणि शेवटी काळोखात वंटमुरी. पायी चालणाऱ्यानं गाठलं असतं एवढ्या वेगानं चढलो, पण उतरलो नाही. कार्डावर शेवटचा शिक्का पडला तेव्हा दोन तासांवर वेळ शिल्लक होता. त्यातला बराचसा टपऱ्यांवर न बसल्यामुळं वाचलेला.

त्रास झाला तो हातांना. हँडलवर तळव्याची कड दाबून राहते, मग करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. सोमवारी शर्टाची बटणं बायकोनं लावली, मशीनवर व्हर्नियर धरायला दुसरा माणूस घ्यावा लागला. आता हँडलला दुहेरी टेप गुंडाळलीय, आणि दर पंधरा मिनिटांनी हात बदलायचा गजर घड्याळात टाकलाय.