बगलेतला चौकोन

गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझा डावा खांदा आखडला. सुरुवातीला झोपेत हात अंगाखाली आला असेल असे वाटले, पण महिनाभरात अशी वेळ आली की वेणी घालण्यासाठी हात मागे नेता येईना आणि फडताळातला वरचा डबाही काढता येईना. डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर असल्याचे सांगितले. हा विकार बहुधा चाळिशी ते साठीच्या दरम्यान होतो, पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो, मधुमेह असलेल्यांना त्याचा धोका जास्त असतो आणि खांदा पूर्ववत मोकळा व्हायला एक ते तीन वर्षे लागू शकतात, हे त्यांनी शांतपणे समजावले. माझे वय ५४ आणि मधुमेह आठ वर्षांचा, त्यामुळे आश्चर्य वाटण्यासारखे काही नव्हते. व्यायाम सुरू झाले. फिजिओथेरपिस्टने पहिल्याच दिवशी एक नियम घालून दिला : कपडे घालताना दुखऱ्या हाताची बाही आधी चढवायची आणि काढताना ती सर्वांत शेवटी उतरवायची.

नियम सोपा होता, पण माझ्याकडचे बहुतेक कुर्ते डोक्यावरून घालायचे होते. सकाळी अंघोळीनंतर कुर्त्यात अडकून पडलेली मी आणि बाहेरून ‘‘आई, येऊ का मदतीला?’’ असे विचारणारी मुलगी, हे दृश्य दोन महिने रोजचे झाले होते. पुढून उघडणारे तयार कुर्ते आणून पाहिले. छातीत बसणाऱ्या कुर्त्याची बाही दंडात आवळे, आणि बाही सैल मिळावी म्हणून एक माप मोठे घेतले की गळा खांद्यावरून घसरे. तयार कपड्यांचा दोष नाही. ते एका सरासरी शरीरासाठी कापलेले असतात आणि माझे शरीर त्या सरासरीतून बाहेर पडले होते. मग एका दुपारी माझे लक्ष हॉलच्या कोपऱ्यात टेबलक्लॉथखाली झाकलेल्या शिवणयंत्राकडे गेले.

हे यंत्र माझ्या आईचे. पायडलचे, काळ्या रंगाचे, सोनेरी नक्षी पुसट झालेले. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनात आई लग्नाआधी शिवण शिकली होती आणि आमची झबली, परकर-पोलकी, बाबांचे सदरे, घरातल्या उशांचे अभ्रे असे सगळे तिने याच यंत्रावर शिवले. मी तिच्या हाताखाली शिकले आणि नोकरी लागल्यावरही अनेक वर्षे माझे ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस मीच शिवत होते. पुढे बदलीच्या गावी रोजचा प्रवास, सासूबाईंचे दीर्घ आजारपण आणि आईचे जाणे एकापाठोपाठ एक आले आणि शिवण सुटले ते सुटलेच. पंधरा वर्षे दर दसऱ्याला त्या यंत्राला मी हळदकुंकू आणि झेंडूचे फूल वाहत आले होते, पण तेलाचा एक थेंबही घातला नव्हता, याची त्या दुपारी मला खरोखर लाज वाटली.

चामडी पट्टा वाळून चिरला होता आणि आत तेलाचा चिकट गोंद झाला होता. घरी आलेल्या मेकॅनिकने यंत्र उलटे करून जुने तेल काढले, दात्यांखाली साचलेला लोकरीसारखा कचरा ब्रशने झाडला, नवा पट्टा चढवला आणि ताजे तेल घालून रिकामे यंत्र दहा मिनिटे चालवून पाहिले. निघताना ते म्हणाले, ‘‘ताई, लगेच कापडाला हात घालू नका. आधी दोरा न ओवता वहीच्या रेघी कागदावर टीप मारा, पाय आपोआप आठवेल.’’ शिवणवर्गात पहिल्या आठवड्यात देतात तोच हा धडा. मी तो चार दिवस मनापासून केला. पहिल्या दिवशी चाक उलटे फिरून यंत्र दचके देत होते. चौथ्या दिवशी सुईची भोके छापील रेघेवर ओळीने पडू लागली. शिवाय डावा हात टेबलावर टेकलेला राहत असल्याने खांद्याला काहीच त्रास होत नव्हता. वर उचलावे न लागणारे एक तरी काम त्या हाताला मिळाले होते.

दोरा ओवल्यावर मात्र कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे फासे पडू लागले. गुंता खाली दिसतो म्हणून मी बॉबिन केसचा, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या डबीचा, स्क्रू आवळत बसले आणि एक अख्खी संध्याकाळ घालवली. वास्तविक खाली फासे दिसले की बहुतेक वेळा दोष वरच्या दोऱ्याचा असतो. मी फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा यंत्राचा पाय, खाली असतानाच दोरा ओवला होता. फूट वर उचललेले असले की दोऱ्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या चकत्या सुटतात आणि दोरा त्यांच्या मधोमध बसतो. फूट खाली असले की चकत्या मिटलेल्या राहतात आणि दोरा नुसता वरून घसरतो. फूट उचलून पुन्हा ओवले आणि टीप दोन्ही बाजूंनी सारखी पडली. हे मला एके काळी पाठ होते. आठवल्यावर जो आनंद झाला तो नवीन काही शिकल्याच्या आनंदाहून वेगळा आणि काहीसा हळवा होता.

मापे मुलीने घेतली. माझ्या जुन्या वहीत छाती ३६ लिहिलेली होती, मी मनात ३८ धरून चालले होते आणि टेप ४२ वर थांबली. दंडाचा घेर दोन्ही हातांचा सारखा भरला नाही आणि डावा खांदा उजव्यापेक्षा किंचित वर चढलेला दिसला. दुखणे सांभाळताना मी तो नकळत आवळून धरत होते. ही सगळी मापे वहीच्या नव्या पानावर तारखेसह लिहिली. इतकी वर्षे मी दुकानाच्या आरशासमोर श्वास रोखून कपडे घालून पाहत आले होते. आपले शरीर आज नेमके किती आणि कसे आहे हे एवढ्या शांतपणे मी बऱ्याच वर्षांत पाहिले नव्हते.

पहिला प्रयोग जुन्या चादरीवर केला. नेहमीच्या पद्धतीने गोल मुंढा, म्हणजे बाही जोडायची खाच, आखला आणि हात मोकळा राहावा म्हणून तो दीड इंच खोल कापला. बाही सहज चढली आणि मी समाधानाने व्यायामाचा हात वर करून पाहिला, तर हाताबरोबर सगळा कुर्ताच वर ओढला गेला. खोल मुंढ्याने घालायला सोपे जाते, पण हालचालीला मात्र तो उलट अडवतो, कारण काखेपासून खाली उतरलेले कापड हात उचलताच बाजूची पूर्ण शिवण वर खेचते. मुंढा काखेच्या जितका जवळ तितका हात मोकळा. पण मुंढा वर घेतला की बाही चढवणे कठीण. या दोन टोकांच्या मध्ये मी आठवडाभर अडकले होते आणि दोन चादरी संपल्या.

उत्तर कपाटात होते. बाबांचा एक पांढरा सुती सदरा मी आठवण म्हणून जपून ठेवला आहे. बाबा अखेरपर्यंत सायकल चालवत, माळ्यावरची भांडी स्वतः काढत, आणि त्यांचा सदरा कधी काखेत फाटलेला मी पाहिला नव्हता. तो मी टेबलावर पसरला आणि बाही वर उचलून पाहिली, तेव्हा काखेत शिवलेला सुमारे चार इंचांचा चौकोनी तुकडा दिसला. चौबगला. आईच्या तोंडी हा शब्द असे आणि मी तो विसरून गेले होते. जुन्या पद्धतीच्या सदऱ्यात गोल मुंढा नसतोच. अंगाचा तुकडा सरळ, बाही सरळ, बाजूला खाली रुंदावणाऱ्या निमुळत्या पट्ट्या म्हणजे कळ्या आणि जिथे हे सगळे एकत्र येते तिथे हा चौकोन. त्याच्या दोन बाजू बाहीच्या पुढच्या आणि मागच्या कडेला जोडलेल्या असतात आणि उरलेल्या दोन अंगाच्या पुढच्या-मागच्या कडेला. हात खाली असताना तो दुमडून काखेत लपतो, हात वर गेला की उघडतो. चौकोनाचा कर्ण कापडाच्या उरेब, म्हणजे तिरक्या, दिशेत येत असल्याने तिथे कापड थोडे ताणही घेते. एवढ्याशा तुकड्यात केवढा विचार होता!

तो नेमका कसा जोडला आहे हे वरून पाहून कळेना, कारण आईने सगळ्या कडा आत दुमडून वरून दुसरी टीप मारली होती. शेवटी मी डाव्या बगलेची शिवण उसवायचे ठरवले. ते ठरवायला मला दोन दिवस लागले. इंचाला बारा टाके, एकही लहानमोठा नाही. सदरा जुना होऊन कापड मऊ पडले होते तरी शिवण तशीच घट्ट होती. मी रिपरने एकेक टाका तोडत गेले आणि कोणती कड आधी, कोणती नंतर हे वहीत काढून ठेवले. कोपऱ्यांत आईने कात्रीचा छोटा छेद देऊन ठेवलेला दिसला, अगदी टिपेच्या टोकापर्यंत. ते मी स्वतःहून कधीच शोधून काढले नसते.

आता खरे कापड हवे होते. बसमध्ये दांडी धरून उभे राहणे जमत नसल्याने मी नळ स्टॉपहून मेट्रोने निघाले आणि सिव्हिल कोर्टला गाडी बदलून मंडईला उतरले. तिथून तुळशीबागेत बटणे, दोऱ्याची रिळे आणि १४ नंबरच्या सुया घेतल्या आणि पायी रविवार पेठेतल्या कापडगंजात गेले. या गल्लीत मी आईचा हात धरून लहानपणी आले होते. कापडाचा तागा फळीवर धपकन उघडला जातो, दुकानदार वारावर वार मोजत जातो आणि कोऱ्या कापडाचा खळीचा वास येतो, तेव्हा मन अजूनही तसेच भरून येते. निळसर राखी रंगाचे मऊ सुती कापड, ४४ इंच पन्ह्याचे, पावणेतीन मीटर घेतले. घरी येऊन ते रात्रभर पाण्यात भिजत ठेवले आणि वाळल्यावर मोजले, तर आठ सेंटिमीटरांनी आटले होते. घाई करून कोरे कापड कापणाऱ्यांनी हे एकदा तरी मोजून पाहावे.

कापणे मी जेवणाच्या टेबलावर उभ्याने केले, कारण जमिनीवर वाकून डाव्या हातावर भार देणे शक्य नव्हते. छातीच्या ४२ इंचांवर सैलपणासाठी चार इंच वाढवले. पुढून आणि मागून सतरा-सतरा इंचांचे सरळ तुकडे आणि प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना छातीपाशी तीन-तीन इंच भरणाऱ्या, खाली रुंदावत जाणाऱ्या कळ्या. शिवणीसाठी सगळीकडे अर्धा इंच माया. पुढचा तुकडा मधोमध कापून बटणपट्टी. सरळ रेघांच्या या कापण्यात चिंध्या फारच थोड्या निघाल्या. पूर्वी कापड जपून वापरणाऱ्या घरांनी ही पद्धत का सांभाळली असेल ते कात्री चालवताना पटत गेले.

बाकी शिवण दोन दिवसांत झाली, चौबगल्याला तीन दिवस लागले. अडचण कोपऱ्यात होती. टीप कोपऱ्याच्या अलीकडे अर्धा इंच, मायेच्या रेघेवर नेमकी थांबली पाहिजे. एक टाका पुढे गेला तरी चुणी पडते, एक टाका अलीकडे राहिला तरी भोक राहते. पहिली बगल मी तीनदा उसवली. चौथ्या वेळी खडूने ठिपका काढला, शेवटचे चार टाके पायडल सोडून हाताने चाक फिरवत घेतले, सुई ठिपक्यात उतरवून तशीच कापडात ठेवली, फूट उचलले, आईसारखा छेद दिला, कापड सुईभोवती वळवून दुसरी कड जुळवली आणि फूट पुन्हा खाली घेतले. उलटून पाहिले तर चारही शिवणी एका बिंदूत मिळाल्या होत्या. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी तो कोपरा अंगठ्याने कितीतरी वेळ चाचपत बसले. सोळाव्या वर्षी पहिली बाही नीट बसली होती तेव्हाचीच ती तृप्ती होती, आणि ती आपल्याला पुन्हा मिळू शकते हे मी मधल्या वर्षांत मानायचेच सोडून दिले होते.

काज हाताने केले, खालची दुमड धावदोऱ्याने टाचून हातशिलाईने पक्की केली. दुसऱ्या सकाळी डावी बाही आधी, मग पाठीमागून कापड आणून उजवी, मग बटणे. कोणालाही हाक मारावी लागली नाही. बाल्कनीत जाऊन मी दोरीवर टॉवेल वाळत घातला. हात अजून कानापर्यंतच जात होता, पण तो जेवढा गेला तेवढा कुर्त्याने त्याला जाऊ दिला आणि खालचा काठ जागचा हलला नाही. फिजिओथेरपीच्या खोलीत माझ्याच वयाच्या एका बाईंनी बगलेतला तुकडा निरखून पाहिला आणि ‘‘मलाही असा शिवून द्याल का?’’ असे विचारले. मी शिवून देण्याऐवजी त्यांना घरी बोलावले आहे. त्यांच्याकडेही यंत्र आहे, त्यावर सध्या फुलदाणी ठेवलेली असते.

बाबांचा सदरा तोवर टेबलावरच होता. उसवलेली बगल यंत्रावर शिवता आली असती, पण मी पांढऱ्या दोऱ्याने हातानेच, आईच्या टिपेच्या जुन्या भोकांतून एकेक टाका घालत ती पुन्हा शिवली. शेवटचे दोन इंच राहिले असताना चष्मा पुसावा लागला. मग सदऱ्याला इस्त्री केली आणि तो होता त्या कप्प्यात, माझ्या मापांच्या वहीशेजारी ठेवला.